रोमच्या चौकांत पाणी कुठून येतं?



आजचा भाग शक्यतो चालता चालता ऐका. इअरफोन लावा, बूट घाला आणि निघा. कारण आज आपण रोममध्ये चालणार आहोत. जुन्या शहराच्या उत्तर वेशीपासून सुरुवात, मग एकामागून एक चौक आणि कारंजी, मग नदी ओलांडायची आणि पलीकडच्या टेकडीवर जाऊन थांबायचं. साधारण पाच किलोमीटर. फोटोंसकट अर्धा दिवस धरा.

मी ही फेरी मागच्या ऑक्टोबरमध्ये केली. एक स्थानिक गाइडबाई आणि आम्ही बारा-तेरा जण. रोमच्या कारंज्यांवर रील्स ढिगाने आहेत हो. नाणं टाकलं, फोटो काढला, जिलातो खाल्लं, झालं रोम. पण आमच्या बाईंनी सुरुवातीलाच एक अट घातली. कारंज्यापाशी पोचलं की मूर्तींकडे बघायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. हे पाणी आलं कुठून? आणि आलं कोणासाठी?

मला ही अट एकदम पटली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असंच असतं ना. एखादी सिस्टिम समजून घ्यायची तर स्क्रीन कितीही देखणी असो, डेटा येतो कुठून आणि पोचतो कोणाला, हे आधी बघायचं. तर हेच दोन प्रश्न खिशात ठेवा. चला.

पहिला थांबा: पियात्सा देल पोपोलो

पियात्सा म्हणजे चौक, पोपोलो म्हणजे लोक. उत्तरेकडून येणारा प्रवासी पूर्वी याच वेशीतून रोममध्ये शिरायचा. मधोमध इजिप्तमधला एक उंच दगडी खांब आहे, ऑबेलिस्क. सम्राट ऑगस्टसने तो इ.स.पू. १० मध्ये रोमला आणला आणि १५८९ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने या चौकात उभा केला. खांबाच्या चार कोपऱ्यांना चार सिंह, एकोणिसाव्या शतकातले. त्यांच्या तोंडातून पाणी पंख्यासारखं पसरून खाली पडतं.

आता नीट बघा. पाणी खाली पडतंय, वर उसळत नाही. बाईंनी इथेच आम्हाला थांबवलं आणि म्हणाल्या, हे लक्षात ठेवा, पुढच्या चार चौकांत हेच दिसणार आहे.

कारण काय? तर या भागातल्या कारंज्यांना पूर्वापार एकाच जलवाहिनीचं पाणी यायचं. तिचं नाव आक्वा विर्गो. इ.स.पू. १९ मध्ये मार्कस अग्रिप्पाने ती बांधली. हा ऑगस्टसचा जिवलग मित्र आणि सेनापती. शहराच्या पूर्वेला झरे होते, तिथून साधारण २१ किलोमीटरचा बंदिस्त दगडी पाट, बहुतेक सगळा जमिनीखालून. आणि एवढ्या लांबीत उतार किती? जेमतेम चार मीटर. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे वीस सेंटिमीटर. एक वीत सुद्धा नाही! लेझर नाही, जीपीएस नाही, आणि किलोमीटरभर चालून पाट एका वितीहून कमी उतरवायचा. कुठे जास्त उतरला तर पुढे पाणी पोचणार नाही. कुठे चढला तर मागेच तुंबणार.

आता आपल्या बिल्डिंगचं उदाहरण घ्या. टाकी गच्चीवर. तळमजल्यावर नळ सोडला की पाणी धो धो येतं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. कारण टाकी आणि नळ यांच्यात उंचीचा फरकच नाही. आक्वा विर्गोचं तेच. ती शहरात इतक्या खालच्या पातळीवर येते की तिच्या अंगात जोर नाही. मग तिच्यावर कारंजं बांधणाऱ्याने करायचं काय?

याचं उत्तर बघायला आपण डावीकडचा रस्ता पकडू, व्हिया देल बाबुइनो. सरळ दहा-बारा मिनिटं.

दुसरा थांबा: होडी

स्पॅनिश स्टेप्स तुम्ही फोटोत बघितल्या असतील. त्या १३५ पायऱ्या. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, बसलात तर दंड होतो. त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी एक दगडी होडी आहे, अर्धी बुडालेली, दोन्ही बाजूंनी पाणी गळतंय. बार्काच्चा, म्हणजे मोडकी होडी.

पिएत्रो बेर्निनीने ती १६२७ ते १६२९ या काळात केली. तिबेर नदीला १५९८ मध्ये मोठा पूर आला, त्यात एक होडी वाहत येऊन इथे अडकली, ती बघून त्याला हे सुचलं, अशी कथा सांगतात. असेल. पण खरी अडचण पाण्याची होती. इथे दाब इतका कमी की धार वर उडवणं शक्यच नव्हतं. मग त्याने उलटा विचार केला. पाणी वर जात नाही ना, मग कारंजंच खाली नेऊ. म्हणून हे कारंजं रस्त्याच्या पातळीच्या खाली, खड्ड्यात बसवलंय. आणि पाणी जोरात येत नाही, हळूहळू गळतं, तर मग गळकी होडीच करू! आपल्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत. या माणसाने तर अंथरुणाच्याच मापाची मूर्ती घडवली.

मला हे फार आवडलं. आपण प्रत्येक अडचण पैसे टाकून सोडवायला बघतो. सर्व्हर स्लो आहे? मोठा सर्व्हर घ्या. इथे त्या माणसाला पाण्याचा दाब वाढवून मिळणार नव्हता. मग जेवढा मिळाला, तेवढ्यात शोभेल असं त्याने केलं.

मध्येच एक वळसा

होडीपासून त्रेवीला सगळे सरळ दुकानांच्या रस्त्याने जातात. तुम्ही दोन ठिकाणी थांबा. एक म्हणजे व्हिया देल नाझारेनो. गल्लीत कठड्यापलीकडे खाली वाकून बघितलं की आक्वा विर्गोच्या जुन्या कमानी दिसतात. अर्ध्या जमिनीत गेलेल्या, कारण दोन हजार वर्षांत शहराची जमीन वर आली. त्यावर सम्राट क्लॉडियसचा शिलालेख आहे. त्याचा अर्थ असा, की गायस सीझरने, म्हणजे कॅलिगुलाने, ज्या कमानी मोडल्या त्या मी पायापासून दुरुस्त केल्या. आधीच्याने बिघडवलं, मी नीट केलं! म्हणजे ही सवय तेव्हापासूनची आहे.

दुसरी जागा म्हणजे व्हिया देल त्रितोनेवरचा रिनाशेन्ते हा मॉल. तळघरात उतरा. परफ्यूम आणि पर्सच्या दुकानांच्या खाली साठेक मीटर लांबीच्या त्याच कमानी उभ्या आहेत. तिकीट नाही, रांग नाही.

तिसरा थांबा: त्रेवी

हं, आलं एकदाचं. सव्वीस मीटर उंच, एकोणपन्नास मीटर रुंद, एका राजवाड्याची अख्खी भिंत व्यापणारं कारंजं. गर्दी एवढी की डिसेंबर २०२४ मध्ये साफसफाईनंतर ते उघडलं, तेव्हापासून एका वेळी चारशेच माणसं आत सोडतात.

निकोला साल्वी या वास्तुकाराला हे काम १७३२ मध्ये मिळालं. तो १७५१ मध्ये वारला. कारंजं पूर्ण झालं १७६२ मध्ये. तीस वर्षांचा प्रोजेक्ट, मुख्य माणूस मध्येच गेला, वर तीन पोप बदलले. तरी काम पुरं झालं. ज्यांचा एखादा प्रोजेक्ट मॅनेजर बदलल्यावर बंद पडलाय, त्यांनी इथे हात जोडावेत.

आता आपले प्रश्न. पाणी कुठून? तर इथेही आक्वा विर्गोच, म्हणून इथेही तुम्हाला पायऱ्या उतरून कुंडापाशी जावं लागतं. साल्वीनेही पाण्याला वर ढकललं नाही. खडकांवरून पसरवत, पायरीपायरीने पाडलं. मोठा आवाज आहे तो पाणी पडण्याचा.

मूर्तींच्या वर दोन शिल्पपट्ट्या आहेत, त्या बहुतेक लोक बघतच नाहीत. डावीकडे अग्रिप्पा जलवाहिनीच्या कामाला मंजुरी देतोय. उजवीकडे एक मुलगी सैनिकांना झरा दाखवतेय. विर्गो म्हणजे कुमारिका. तहानलेल्या सैनिकांना एका मुलीने झरा दाखवला म्हणून हे नाव, अशी दंतकथा आहे. म्हणजे साल्वीने कारंज्यावरच कारंज्याचं डॉक्युमेंटेशन कोरून ठेवलंय.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्रेवीतलं पाणी आज पिण्यासाठी नाही, तेच पाणी पंपाने फिरवतात. त्यात पाय घातलात तर दंड. आणि लोक जी नाणी टाकतात, ती गोळा करून कारितास या संस्थेला जातात, गरिबांच्या मदतीसाठी. वर्षाला दहा लाख युरोंच्या वर रक्कम होते. तेव्हा टाकायचं असेल तर खुशाल टाका.

चौथा थांबा: रस्त्यावरचा नळ

त्रेवीकडून पँथिऑनकडे चालताना कोपऱ्यावर एक लोखंडी, कमरेएवढा खांब दिसतो. त्याला वाकडी तोटी, आणि तोटीतून पाणी अखंड वाहतंय. याला नासोने म्हणतात, म्हणजे मोठं नाक. १८७४ पासून हे शहरात बसवायला लागले. पहिल्या नमुन्यांना ड्रॅगनच्या तोंडाच्या तीन तोट्या होत्या, पुढे एक साधी वाकडी नळी राहिली. आज रोममध्ये असे सुमारे अडीच हजार नळ आहेत. पाणी पिण्याचं, थंडगार, फुकट. तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की पाणी त्या भोकातून वर उडतं आणि सरळ तोंडात येतं. बाटलीही नको, पेलाही नको.

सगळे पटापट पाणी पीत होते, व्हिडिओ काढत होते. मी मात्र त्या वाहत्या पाण्याकडे बघत उभी राहिले. तोटीला चावीच नाही. रात्रंदिवस चालू.

मी लातूरची आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं होतं. मिरजेहून. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, सुट्टीत घरी आले की माझं काम ठरलेलं. घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. आई तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची आणि भांड्यांचं पाणी संडासात. आमच्या घरात आजही कोणी नळ सुरू ठेवून दात घासत नाही. मी पुण्यात फ्लॅटमध्ये एकटी राहते, चोवीस तास पाणी आहे, तरी नाही.

तर मला ते वाहणारं पाणी बघवेना. बाईंना मी विचारलं, याला चावी का नाही लावत?

त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. एक म्हणजे, वाहतं राहिल्यामुळे पाणी नळीत साचून खराब होत नाही. दुसरी बाजू, हा वाद त्यांच्याकडेही आहे. २०१७ च्या दुष्काळात हे नळ टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले होते. त्याच उन्हाळ्यात व्हॅटिकनने स्वतःची शंभरेक कारंजी बंद ठेवली. तेव्हा लोकांनी आवाज उठवला, की बाबांनो, खरं पाणी जातंय ते जमिनीखालच्या गळक्या पाइपांतून. ते दिसत नाही म्हणून कोणी बोलत नाही. आणि रस्त्यावरचा नळ दिसतो, म्हणून तो आधी बंद करता. तो बंद झाला की तहानलेला कोण राहणार? ज्याच्या घरी नळ आहे तो नाही. रस्त्यावर झोपणारा, फिरता विक्रेता, उन्हात काम करणारा मजूर.

हे ऐकून माझा जीव शांत झाला असं म्हणणार नाही. चावीशिवायचा नळ मला आजही टोचतो. पण शेवटचा मुद्दा डोक्यात बसला. कपात करायची वेळ आली की पहिला घाव सार्वजनिक नळावर. हे मी लातुरातही पाहिलंय. रांगेत आम्ही उभे असायचो, आणि ज्याच्या खिशात पैसे तो घरपोच टँकर मागवायचा.

पाचवा थांबा: पँथिऑन

पँथिऑनसमोरच्या चौकातलं कारंजं १५७५ मधलं, जाकोमो देल्ला पोर्ताचं. त्यावरचा ऑबेलिस्क नंतर, १७११ मध्ये चढवला. मंदिराच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत नाव आहे, ते बघा. अग्रिप्पा! हो, तोच, जलवाहिनीवाला. आजची इमारत नंतरची आहे, पण नाव त्याचंच ठेवलं. त्याची स्नानगृहं इथेच मागे होती आणि आक्वा विर्गो मुळात त्यांच्यासाठी आणली होती.

बसायला जागा मिळाली तर बसा, कारण इथे मला दोन माणसांची ओळख करून द्यायची आहे.

पहिला विट्रुव्हियस. अग्रिप्पाच्याच काळातला वास्तुकार. त्याने लिहून ठेवलंय, की शहरात पाणी आलं की वाटपाच्या हौदातून तीन वाटा करा. एक सार्वजनिक हौद आणि कारंज्यांची, दुसरी स्नानगृहांची, तिसरी खाजगी घरांची. आणि मांडणी अशी करा की बाजूच्या दोन वाटांचं जास्तीचं पाणी मधल्या सार्वजनिक वाटेत येऊन पडेल. म्हणजे खाजगी नळवाल्यांना सार्वजनिक पाणी पळवता येऊ नये. आमच्या भाषेत याला प्रायॉरिटी म्हणतात, आणि ही प्रायॉरिटी नियमांच्या पुस्तकात नाही, तर हौदाच्या बांधकामातच घालायची. शिपाई नको, देखरेख नको. दगडच निर्णय घेणार.

दुसरा फ्रॉन्टिनस. इ.स. ९७ मध्ये त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. वयस्कर, मोठमोठी पदं भूषवलेला माणूस. त्याने काय केलं, तर आधी सगळी कागदपत्रं तपासली आणि मग प्रत्यक्ष जाऊन पाणी मोजलं. उगमापाशी किती आणि वाटपात किती. आकडे जुळेनात! शोध घेतल्यावर कळलं, की पाणीखात्यातलेच लोक पाइपांना भोकं पाडून चोरून जोडण्या देत होते, ठरलेल्यापेक्षा मोठ्या तोंडाच्या नळ्या बसवत होते. त्याने हे सगळं पुस्तकात लिहून ठेवलंय. त्या काळी खाजगी जोडणी सम्राटाच्या परवानगीने मिळायची आणि परवाना घराला नसायचा, माणसाला असायचा. माणूस गेला की वारसाला आपोआप मिळत नसे.

म्हणजे नियम चांगला, बांधकाम उत्तम, आणि तरी चोरी. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ऑडिट रिपोर्ट वाचताना वाटतं, नावं बदलली की आपल्या एखाद्या नगरपालिकेचा होईल.

मग पुढे काय झालं? इ.स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि जलवाहिन्या तोडल्या. शहर नदीच्या आणि विहिरींच्या पाण्यावर आलं. पाणी विकणारे दारोदार फिरायला लागले, आपल्याकडे पखाली घेऊन फिरायचे तसे. आक्वा विर्गो बहुतेक जमिनीखाली होती, म्हणून तीच त्यातल्या त्यात तगली. १४५३ मध्ये पाचव्या निकोलस पोपने तिची दुरुस्ती केली, १५७० मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती पूर्ण झाली, आणि मग चौकाचौकांत कारंजी उभी राहायला लागली. आपण सकाळपासून बघतोय ती सगळी याच दुरुस्तीची लेकरं.

सहावा थांबा: नावोना आणि आपली गंगा

पियात्सा नावोना चौक नसून लांबोडका आहे, कारण इथे सम्राट डोमिशियनचं स्टेडियम होतं. धावपट्टी गेली, आकार राहिला. मधोमध बेर्निनीचं चार नद्यांचं कारंजं. हा जान लोरेंझो बेर्निनी, होडीवाल्याचा मुलगा. १६५१ मध्ये पूर्ण झालं. चार खंडांच्या चार नद्या. युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची रिओ दे ला प्लाता, आणि आशियाची... गंगा!

मी धावतच गेले बघायला. आणि काय बघते, तर गंगा म्हणजे एक दाढीवाला बाप्या, हातात वल्हं! त्यांच्याकडे नदीची मूर्ती पुरुषाची करायची पद्धत. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे ही गंगामाई आहे हो. त्या म्हणाल्या, बेर्निनीला सांगायला कोणी मराठी माणूस नव्हता. वल्हं यासाठी, की या नदीतून लांबवर नावा चालतात. नाईलचं डोकं कापडाने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता.

एक गंमत. इथले गाइड सांगतात, की प्लाता नदीच्या पुतळ्याने हात वर केलाय तो समोरचं चर्च अंगावर पडेल या भीतीने, कारण ते चर्च बेर्निनीचा प्रतिस्पर्धी बोरोमिनीचं. गोष्ट मस्त आहे, पण तारखा बघा. कारंजं १६५१ चं, आणि चर्चचं काम सुरू झालं त्यानंतर. घाबरायला चर्च तर हवं ना!

पण इथे आपल्या दोन प्रश्नांत तिसरा घालावा लागतो. पैसे कोणाचे? पोप दहाव्या इनोसंटचा घरचा वाडा याच चौकात. त्याला दारासमोर भव्य कारंजं हवं होतं. दिवस टंचाईचे, आणि खर्चासाठी कर बसला पावावर. लोक चिडले. आम्हाला खांब आणि कारंजी नकोत, पाव द्या, अशा आशयाच्या चिठ्ठ्या त्यांनी तिथल्या दगडांवर चिकटवल्या. जवळच पास्क्विनो नावाचा एक मोडका पुतळा आहे, सोळाव्या शतकापासून लोक त्याच्यावर सत्तेविरुद्धच्या निनावी चिठ्ठ्या लावत आलेत. तो आजही बघता येतो, नावोनापासून दोन मिनिटांवर.

त्रेवीसाठी लॉटरीचा पैसा वापरला होता, इथे भाकरीवरचा कर. तेव्हा त्या चार नद्यांकडे बघताना हेही दिसू द्या. पाणी सगळ्यांचं, चौक सगळ्यांचा, पण सावली एका घराण्याच्या वाड्याची.

आणि गंमत अशी, की लोकांनी तो चौक परत मिळवला. १६५२ पासून १८६६ पर्यंत ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी पाणी जायची वाट बुजवायचे आणि अख्खा चौक पाण्याने भरायचे. श्रीमंतांच्या बग्ग्या त्यातून फिरायच्या आणि पोरं डुंबायची.

सातवा थांबा: नदीकडे

इथून दक्षिणेला काम्पो दे फियोरी, सकाळी भाजीबाजार असतो. मध्ये जोर्दानो ब्रुनोचा पुतळा. १७ फेब्रुवारी १६०० रोजी विचारांसाठी त्याला इथे जिवंत जाळलं. पुतळा १८८९ मधला. क्षणभर थांबा आणि पुढे चला.

पुढचा चौक फार्नेसे. तिथे दोन कारंजी आहेत आणि त्यांची कुंडं म्हणजे कॅराकॅलाच्या स्नानगृहांतले इजिप्शियन ग्रॅनाइटचे प्रचंड टब. इथून एक गोष्ट बदलते. या कारंज्यांचं पाणी आक्वा विर्गोचं नाही. ते नदीपलीकडच्या टेकडीवरून येतं. पूर्वी पाइप पोंते सिस्तो या पुलावरून नदी ओलांडून यायचे. आपणही त्याच पुलावरून उलटं जाऊ, पाणी जिथून येतं तिथे.

शेवटचा थांबा: फोंतानोने

पूल ओलांडला की त्रास्तेवेरे. मग जानिकोलो टेकडीचा चढ. पंधरा-वीस मिनिटं, दम लागतो. मोबाइल खिशात ठेवा आणि कान द्या. कारंजं दिसायच्या आधी ऐकू येतं.

फोंतानोने, म्हणजे महाकाय कारंजं. पोप पाचव्या पॉलने १६१२ मध्ये बांधून घेतलं. ब्राच्चानो तलावाच्या बाजूने येणारी सम्राट ट्राजनची इ.स. १०९ मधली जलवाहिनी दुरुस्त करून त्याने या टेकडीवर पाणी आणलं. इथे पाणी रांगत नाही, मोठ्या कमानींतून धबधब्यासारखं कोसळतं. खालच्या होडीतला गळका ओहोळ आठवा आणि हे बघा. दोन्ही पाणीच. फरक फक्त उंचीचा. या पाण्याच्या जोरावर टेकडीवर पिठाच्या गिरण्या चालायच्या आणि उरलेलं पाणी उतरत उतरत खालच्या वस्तीत जायचं.

वरचा शिलालेख बघून माझी करमणूक झाली. त्यात लिहिलंय, की पोपने आल्सिएतिना ही जुनी जलवाहिनी दुरुस्त केली. पण होती ती ट्राजनची! आल्सिएतिनाचं पाणी तर पिण्यालायकच नाही, असं फ्रॉन्टिनसने लिहिलं होतं. चुकीचं नाव, मोठ्या अक्षरांत, संगमरवरात. त्याला पॅच रिलीज नाही.

मागे वळलात की अख्खं रोम पायाशी. आपण चाललो तो सगळा रस्ता दिसतो.

आता तुमच्या हातात

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही उद्या रोमला चाललो नाही. बरोबर. पण हे प्रश्न न्यायला व्हिसा लागत नाही.

पुण्यात राहणाऱ्यांनो, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणलं होतं. तेही उताराने, पंपाशिवाय. ते पेठांतल्या हौदांत पडायचं. आज आपण रिक्षावाल्याला फडके हौद म्हणतो आणि हौद शोधत नाही. आणि हौद सार्वजनिक म्हणून सगळ्यांचा होता का? नव्हता. म्हणून तर १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. पाणी कोणासाठी, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी रोममध्येही ऐकलं नाही. तिथे पोपांनी कारंज्यांवर स्वतःची नावं कोरली. इथे एका माणसाने फक्त स्वतःच्या हौदाचं दार उघडलं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या गावातला एक जुना हौद, बारव, पाणपोई किंवा चौकातला सार्वजनिक नळ शोधा. पाणी कुठून यायचं, कोणाला मिळायचं, कोणाला मिळत नव्हतं आणि आज तिथे काय आहे, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि मला एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवू.

आणि हो, सार्वजनिक नळ चालू असेल तर त्याचं पाणी प्या. वापरात असलेला नळ बंद करणं अवघड असतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, चालत राहा!